आयनिक संयुगांची सूत्रे: प्रभाराच्या आधी आलेले अंक

मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या वर्गात विज्ञानाच्या तासाला फळ्यावर मॅग्नेशियम आणि क्लोराइड या मूलकांच्या (म्हणजे विद्युतप्रभार असलेल्या अणूंच्या किंवा अणुगटांच्या, अर्थात आयनांच्या) संज्ञा शेजारीशेजारी लिहिल्या जातात, त्यांच्याखाली २ आणि १ या संयुजा (संयोगक्षमतेचे अंक) मांडल्या जातात आणि दोन बाण एकमेकांना छेदून गेले की एका मॅग्नेशियमला दोन क्लोराइड हे सूत्र तयार होते. ‘तिरकस गुणाकार’ म्हणून मुलांना पाठ असलेली ही रीत पाहिली की मूलकांवरचे प्रभार आधी कळले आणि सूत्रे त्यांवरून निघाली, असा समज होतो. घडले ते उलट.

अणुसिद्धान्त मांडणाऱ्या जॉन डाल्टनपाशी १८०८ मध्ये संयोग पावणाऱ्या मूलद्रव्यांच्या वजनांखेरीज आधार नव्हता. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग ठाऊक असेल, तर अणूंचे प्रमाण एकास एक धरायचे, असा नियम त्याने घालून घेतला आणि पाण्यात हायड्रोजनचा एकच अणू मोजला. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८१३-१४ मध्ये अक्षरांच्या संज्ञा आणल्या, पण अणूंची संख्या तो घातांकासारखी वर लिहीत असे; ती खाली आली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगमुळे, १८३४ च्या सुमारास. (अंक वर लिहिला म्हणून आज गुण कापले जातात, त्या न्यायाने बर्झेलियसही नापास झाला असता.) १८५२ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडने अणूंच्या संयोगक्षमतेला ठरावीक मर्यादा असते हे दाखवले आणि त्यातून संयुजेची कल्पना उभी राहिली. तीही आधीच ठाऊक असलेल्या सूत्रांवरून काढलेली होती.

‘आयन’ हा शब्द फॅरेडेने १८३४ मध्येच वापरला होता, मात्र वीज वाहू लागल्यावरच पदार्थ फुटतो, अशी त्याची समजूत होती. मीठ नुसते पाण्यात विरघळले तरी त्याचे आयन सुटे होतात, हे १८८७ मध्ये मांडले स्वीडनच्या अऱ्हेनियसने. द्रावणांच्या विद्युतवहनावरचा त्याचा प्रबंध उप्साला विद्यापीठाने १८८४ मध्ये खालच्या श्रेणीत मान्य केला होता. नोबेल पुरस्कार त्याला १९०३ मध्ये मिळाला. मॅग्नेशियमचा प्रभार दोनच का, याचा उलगडा मात्र जर्मन शास्त्रज्ञ कोसेलने १९१६ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीतून केला.

भांडुप-मुलुंडकडच्या मिठागरांतल्या मिठाचा एखादा चौकोनी खडा तळहातावर घेतला, तर त्यात सोडियम आणि क्लोराइड यांची वेगळी जोडी कुठेच सापडणार नाही. ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांनी दाखवले की प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. म्हणून मिठाच्या सूत्राला ‘रेणुसूत्र’ म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. ते केवळ सर्वांत लहान प्रमाण आहे. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये तिरकस गुणाकाराने आलेले दोनास दोन हे प्रमाण एकास एक करायचे, त्याचेही कारण हेच. मर्क्युरस क्लोराइड या पाऱ्याच्या संयुगातल्या दोनास दोन या प्रमाणाला मात्र ही काटछाट चालत नाही, कारण तिथे पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असून दोनचा प्रभार त्या जोडीवर मिळून असतो.