‘युनिव्हर्सिटी खेळलेला’ म्हणजे नेमकं काय? मुंबई विद्यापीठाच्या संघांची पार्श्वभूमी

मैदानाच्या कडेला बसलेल्या कुठल्याही पन्नाशीपुढच्या माणसाला विचारा, तो सांगेल की तो ‘युनिव्हर्सिटी खेळलाय’. खोदून विचारलं की चार वेगवेगळी उत्तरं निघतात. कुणी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कॉलेजकडून खेळलेला असतो. ती स्पर्धा विद्यापीठ भरवतं, म्हणून ती ‘युनिव्हर्सिटी’. कुणी ट्रायलला जाऊन शिबिरापर्यंत पोचलेला असतो. कुणी पंधरा-सोळाच्या यादीत असतो, रेल्वेने बाहेरगावी जाऊन राखीव म्हणून बसून आलेला. आणि अगदी थोडे असे, की जे दुसऱ्या विद्यापीठाच्या संघाविरुद्ध प्रत्यक्ष मैदानात उतरले. ‘कलर’, म्हणजे विद्यापीठाकडून खेळल्याचा मान, मिळतो तो खरा या शेवटच्यांना. ब्लेझर मात्र कधीकधी तिसऱ्यांच्याही अंगावर दिसतो. (या यादीत मी दुसऱ्या पायरीवर अडकलेला, हे आधीच सांगून टाकतो.)

हा घोळ फक्त बढाईचा असता तर सोडून देता आला असता. पण खेळाडूंसाठीचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण आणि त्यासाठी होणारी प्रमाणपत्रांची पडताळणी आली, तेव्हा आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविद्यापीठ या दोन शब्दांतल्या फरकाला किंमत आली. त्याहून मोठा घोळ मात्र पुढच्या शब्दात आहे: ‘मुंबई विद्यापीठाचा संघ’ यातलं ‘मुंबई’ म्हणजे कुठली मुंबई?

१८५७ साली विद्यापीठ निघालं ते शहरापुरतं नव्हतं, अख्ख्या मुंबई इलाख्याचं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या प्रांताचं होतं. कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज, पुण्याचं डेक्कन आणि फर्ग्युसन, बडोद्याचं कॉलेज, कोल्हापूरचं राजाराम, अहमदाबाद, धारवाड, सगळ्यांच्या पदव्या फोर्टातल्या राजाबाई टॉवरखालून निघायच्या. तेव्हा १९३५-३६ मध्ये आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा सुरू झाली (रणजी स्पर्धेला तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं), त्या वेळी ‘मुंबई विद्यापीठ’ या नावाखाली खेळायला पात्र असलेला मुलगा कराचीचाही असू शकत होता आणि धारवाडचाही. प्रत्यक्षात किती जण येऊ शकत असतील याचा अंदाज कुणालाही करता येईल. सरावाची मैदानं, जिमखाने, निवड करणारी माणसं सगळी चर्चगेट-मरीन लाइन्सच्या परिसरात. कराचीहून बोटीने येऊन नेटमध्ये दोन षटकं टाकायची आणि परत जायचं, हे परवडणारं कुणाला? पात्रता इलाख्याची आणि प्रत्यक्ष वावर शहराचा, अशी ही व्यवस्था.

मग सीमा आक्रसत गेली. १९४७ साली सिंध विद्यापीठ निघालं. १९४९ साली पुणे, गुजरात, कर्नाटक आणि बडोदा ही विद्यापीठं एकापाठोपाठ एक स्वतंत्र झाली. ज्या पुण्याची मुलं एका वर्षी मुंबईच्या निवड चाचणीला येऊ शकत होती, तीच थोड्याच काळात समोरच्या संघात. म्हणजे १९४९ च्या आधीची विजेतेपदं ‘मुंबईची’ म्हणून मोजायची तर त्यात पुण्याचा वाटा धरायचा की नाही? पुणेकरांना विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे. मुंबईकर ती बेलाशक आपल्या खात्यात घालतात आणि विषय बदलतात. माझं मत असं की ती इलाख्याची आहेत, शहराची नाहीत. शहराचा खरा हिशेब पन्नाशीच्या दशकापासून मांडावा.

त्यानंतरही सीमा जागेवर राहिली नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे निघालेली पहिली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. १९८५ साली गोवा विद्यापीठ होईपर्यंत पणजी-मडगावचा मुलगा खेळायचा तो मुंबईच्या नावाने. यात एक गंमत आहे. क्रिकेटपटू दिलीप सरदेसाई मडगावचे. ते मुंबईत आले तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, म्हणजे एका अर्थी परदेशातून येऊन ते विल्सन कॉलेजात दाखल झाले. पाचेक वर्षं उशिरा जन्मले असते तर घरी राहूनही मुंबई विद्यापीठाचेच झाले असते. पण मग सरावाला चौपाटीपलीकडची मैदानं मिळाली नसती.

सरदेसाईंचा विषय निघालाच आहे तर त्या दशकावर थोडं थांबतो, कारण विद्यापीठ क्रिकेटला खरा भाव होता तो तेव्हाच. शिडी सरळ होती. कॉलेज, मग विद्यापीठ, मग देशभरच्या विद्यापीठांतून निवडलेला संयुक्त संघ. आणि हा संयुक्त संघ दौऱ्यावर आलेल्या परदेशी संघाविरुद्ध प्रथम श्रेणीचा सामना खेळायचा. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीज आले तेव्हा पॉली उमरीगरांनी याच संघातून नाबाद ११५ काढल्या. सरदेसाईंनी १९५९-६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या आणि पुढच्या मोसमात पुण्याला पाकिस्तानविरुद्ध विद्यापीठांच्या संघातून पदार्पणातच ८७ केल्या. डिसेंबर १९६१ मध्ये ते कसोटी खेळत होते. दोन वर्षांत वर्गातून कसोटीत. आज असा रस्ता कुणाला दाखवला तर तो हसेल.

अजित वाडेकरांच्या ३२४ धावांची खेळी याच स्पर्धेतली. ती बरीच वर्षं विक्रम म्हणून सांगितली जायची. १९७०-७१ मध्ये झेवियर्सच्या सुनील गावसकरने गुजरात विद्यापीठाविरुद्ध ३२७ काढल्या आणि तो विक्रम तीन धावांनी मोडला. त्याच मोसमात भारताचा संघ वेस्ट इंडीजला गेला. कर्णधार वाडेकर, आणि संघात त्यांचा विक्रम मोडून आलेला पोरगा. त्या मालिकेत गावसकरने चार कसोटींत ७७४ आणि सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या. वेस्ट इंडीजला त्यांच्या घरी पहिल्यांदा हरवणाऱ्या त्या संघाचा कर्णधार आणि धावांचे दोन मोठे मानकरी एकाच विद्यापीठाच्या निवड चाचणीतून पुढे आलेले होते. मुंबईचा माणूस हे सांगताना आवाज थोडा चढवतो. चढू द्या.

याच्या आधीच्या काळातला एक वाद मात्र हल्ली कुणी विद्यापीठाच्या इतिहासाशी जोडत नाही. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि १९३७ पासून ‘इतर’ अशा जमातवार संघांची पंचरंगी स्पर्धा तेव्हा मुंबईचा सगळ्यात मोठा सोहळा होती. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी तिच्याविरुद्ध मत दिलं, तेव्हा त्यांनी तुलनेला घेतलं ते कॉलेजांनाच. महाविद्यालयांमधले, संस्थांमधले सामने आपण समजू शकतो, पण हिंदू-पारशी-मुस्लिम असे संघ कशाला हे आपल्याला कधी कळलं नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजे विद्यापीठाचा संघ हा त्या वेळी नुसता खेळाचा संघ नव्हता, जातधर्माबाहेरचा संघ कसा असावा याचं हाताशी असलेलं उदाहरण होता. गर्दी मात्र उदाहरण बघायला जमत नाही. ब्रेबॉर्न भरायचं ते पंचरंगीलाच, आणि ती स्पर्धा १९४५-४६ पर्यंत चालली. विद्यापीठाच्या सामन्याला मित्र, भावंडं आणि एखादे प्राध्यापक. आजही तेच.

क्रिकेटवर इतका वेळ गेला याचं कारण कागदावर तेवढंच राहिलं. कबड्डी, खो-खो, मल्लखांब, कुस्ती, जलतरण यांचे विद्यापीठाचे संघ तेव्हाही होते. त्यांचे धावफलक कुणी छापले नाहीत. मुलींच्या संघांची गोष्ट आणखी विरळ. त्यात शहरात महिलांचं वेगळं विद्यापीठ असल्याने मुंबईतल्या खेळाडू मुली दोन विद्यापीठांत विभागल्या जात, अजूनही जातात. लालबाग-परळचा कबड्डीपटू आधी मंडळाचा असतो, मग जमलं तर कंपनीचा, आणि कॉलेजचा सर्वांत शेवटी. क्रिकेटमध्येही १९४८ ला क्लबांची कांगा लीग सुरू झाल्यापासून क्लबची ओढ होतीच, पण कॉलेजच्या सामन्यासाठी क्लब वाट बघायचा. मंडळ वाट बघत नाही. त्यामुळे विद्यापीठाच्या कबड्डी संघात शहरातल्या पोरांइतकाच ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडच्या मुलांचा भरणा दिसतो, आणि शहरी क्रीडाप्रेमींना हा संघ ‘आपला’ वाटायला जरा वेळ लागतो. सात जिल्हे आणि आठशेच्या वर महाविद्यालयं असलेल्या विद्यापीठाला मुंबई म्हणणं ही निव्वळ सवय आहे.

क्रिकेटची शिडी मोडली ती ऐंशीच्या दशकात. वयोगटांच्या स्पर्धा वाढल्या. १९ वर्षांखालचा मुलगा संघटनेच्या नजरेत भरला की त्याला कॉलेजची गरज फक्त हजेरीपुरती. १९८८ च्या डिसेंबरात सचिन तेंडुलकर मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळला आणि शतक काढलं, तेव्हा तो शाळेत होता. वर्षभरात कसोटी. कॉलेजच्या पायरीवर पाय ठेवायच्या आतच सगळं झालं. त्यानंतर ज्यांना पुढे जायचं होतं त्यांनी विद्यापीठ हा थांबा मनातून वगळला. आता रोहिंटन बारियाच्या संघात रणजीच्या उंबरठ्यावरचे एकदोघे असतात, तेही तारखा जुळल्या तर.

याच काळात दुसरं परिमाण ठळक झालं. सर्व खेळांतली एकत्रित कामगिरी मोजून सर्वोत्तम विद्यापीठाला मौलाना आझाद करंडक १९५६-५७ पासून दिला जातो. पुढे तो अमृतसरच्या गुरुनानक देव विद्यापीठाने (स्थापना १९६९) वीसहून अधिक वेळा नेला. मुंबईत याचं उत्तर ठरलेलं असतं, की ‘ते लोक खेळाडू सांभाळतात’. खरं आहे, पण अर्धंच. तिकडे वसतिगृह, खुराक आणि मैदान एका आवारात. इथे विरारची मुलगी पहाटेची लोकल पकडून मरीन लाइन्सला विद्यापीठाच्या पॅव्हेलियनवर पळायला येते आणि साडेनऊला कॉलेजात बसते. कालिन्याचं आवार मोठं आहे, पण तिथे राहून शिकणारे मोजके. विद्यापीठाचे बहुतेक विद्यार्थी महाविद्यालयांत विखुरलेले. उरलेलं अर्धं असं की मुंबईत खेळाडू सांभाळतं ते कॉलेज, विद्यापीठ नव्हे. फी माफ, किट मोफत, हजेरीत सवलत, असं देऊन बारावीनंतर चांगले खेळाडू ओढणारी कॉलेजं ठरलेली असतात. आंतरमहाविद्यालयीन करंडक वर्षानुवर्षं त्याच कपाटात जातो. तोच खेळाडू विद्यापीठाच्या संघात मात्र आठवडाभर आधी भेटलेल्या दहा जणांबरोबर खेळतो. सत्र परीक्षा आल्यापासून तो आठवडाही परीक्षेशी भांडून काढावा लागतो.

२०२० साली भुवनेश्वरला विद्यापीठांसाठीच्या ‘खेलो इंडिया’ स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा हे दुखणं दूरदर्शनवर दिसलं इतकंच. लगेच महासाथीत सगळं बंद पडलं.

पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला खरा बदल कागदोपत्री आहे आणि तो पुन्हा त्या सीमेचाच आहे. १९९८ साली राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला निघालं आणि ग्रँट, जी. एस., नायर या वैद्यकीय महाविद्यालयांच्या मुलांचं विद्यापीठ बदललं. २०१९ साली एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम मुंबई विद्यापीठातून निघून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली. २०२० ला के. सी. आणि एच. आर. ही कॉलेजं वेगळी झाली. या प्रत्येक निर्णयाला शैक्षणिक कारणं होती. तो घेताना क्रिकेट संघाचा विचार कुणी करणार नव्हतं, करायला हवा होता असंही मी म्हणणार नाही. तरी क्रिकेटपटू विजय मर्चंट सिडनहॅमचे. त्यांच्या काळातली कामगिरी आता कुठल्या विद्यापीठाच्या परंपरेत लिहायची? दोन्ही जण लिहितात. एक म्हणतं आमचा संघ, दुसरं म्हणतं आमचं कॉलेज, आणि दोघांचंही बरोबर आहे.

काळा घोड्याच्या एल्फिन्स्टनपासून राजाबाई टॉवर चालत पाचसात मिनिटांवर आहे. तिथल्या मुलाने आता आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायची ठरवली तर तो भाभा विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागात उतरतो, आणि गटांची सोडत तशी निघाली तर पहिलाच सामना मुंबई विद्यापीठाविरुद्ध.