नदीकाठी बांधकाम परवानगी: पूररेषा, पोहोच रस्ता आणि लागणारी कागदपत्रे

नदी किंवा ओढ्यालगतच्या जमिनीवर घर, गृहप्रकल्प किंवा गोदाम बांधायचे असेल तर आर्किटेक्टकडून नकाशा काढून घेण्याआधी दोन गोष्टींचा छडा लावा. पुराचे पाणी आपल्या गटात कुठपर्यंत चढते, आणि ते चढल्यावर गटापर्यंत येणारा रस्ता चालू राहतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर परवानगीच्या फाइलमध्ये द्यावेच लागते. दुसरा प्रश्न अर्जदाराला बहुधा कुणीच विचारत नाही. म्हणून तो आपणच विचारायला हवा.

कोणते नियम लागू होतात

मुंबई महापालिका आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. नदीकाठच्या जमिनीसाठी तिच्यात दोन रेषा महत्त्वाच्या आहेत. निळी रेषा ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणाखालच्या नद्यांवर लाल रेषा ठरवताना सांडव्यातून सुटणाऱ्या कमाल विसर्गाचाही विचार होतो. या रेषा जलसंपदा विभाग ठरवतो. महापालिका त्या फक्त विकास योजनेच्या नकाशावर उतरवून घेते.

नदीचा काठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, मोकळी जागा, पार्किंग, ओट्यांची उघडी भाजी मंडई, स्मशानभूमी, जलवाहिन्या अशा मोजक्याच गोष्टी चालतात. तिथे आधीपासून अधिकृत इमारत असेल तर जलसंपदा विभागाच्या ना हरकत दाखल्यावर तिचा पुनर्विकास होऊ शकतो. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित क्षेत्रात येतो. तिथे बांधकामाला परवानगी मिळते, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर. रहिवास, वाणिज्य किंवा औद्योगिक विभागातल्या जमिनीचा काही भाग पूररेषेत गेला, तर त्या भागाचा एफएसआय, म्हणजे जमिनीच्या क्षेत्राच्या प्रमाणात मिळणारे बांधकामाचे क्षेत्र, उरलेल्या जमिनीवर वापरता येऊ शकतो. अनेक मालकांना हे माहीत नसते आणि ते अख्खी जमीन मातीमोल भावाने विकून मोकळे होतात.

निळ्या रेषेबाहेर आहोत म्हणजे पाणी येणारच नाही, असे मात्र समजू नका. पुण्यात मुठा नदीची निळी रेषा ६० हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्गावर आणि लाल रेषा १ लाख क्युसेकवर आखलेली आहे. तरी २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलेले असताना सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. पात्रात राडारोड्याचा भराव पडला की कागदावरची रेषा तिथेच राहते आणि पाणी मात्र वर चढते.

पूररेषेचा अभिप्राय कसा मिळवायचा

अर्ज संबंधित पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे करायचा. सोबत चालू सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा म्हणजे 'क' प्रत, गाव नकाशा, विकास योजनेचा किंवा प्रादेशिक योजनेचा भाग नकाशा, आणि जमिनीच्या चढउताराचा समतल नकाशा जोडावा. त्या नदीची पूररेषा आधीच निश्चित झालेली असेल तर काम लवकर होते, कारण विभागाला तुमचा गट मंजूर नकाशावर फक्त बसवून पाहायचा असतो. रेषा आखलेलीच नसेल तर नदीचे उभे-आडवे छेद घेऊन सर्वेक्षण करावे लागते. त्याचा खर्च बहुतेक वेळा अर्जदाराच्या माथी येतो, आणि विभागाने तपासून मान्य केल्याशिवाय त्या सर्वेक्षणाला किंमत नाही.

इथे सगळ्यात जास्त फायली अडकतात त्या तलांकामुळे, म्हणजे उंचीच्या आकड्यांमुळे. विभागाची पूरपातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. आर्किटेक्टच्या नकाशात मात्र अनेकदा गेटजवळचा एखादा दगड १००.०० धरून बाकीचे तलांक काढलेले असतात. समजा लाल रेषेची पातळी ५४५.२० मीटर आली, तर बांधकामाची पातळी निदान ५४५.६५ हवी. पण नकाशावर जोत्याची पातळी १०१.२० लिहिलेली असेल तर ताडून पाहणार कशाशी? सर्वेक्षकाला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कवरून (उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेवरून) तलांक आणायला सांगा, आणि तो बेंचमार्क कोणता हे नकाशावर लिहून घ्या.

रस्त्याची बाजू

जमिनीला अधिकृत पोहोच रस्ता आहे हे दाखवावे लागते. तो विकास योजनेतला असो, गाव नकाशातला असो किंवा नोंदणीकृत दस्ताने मिळालेला असो. रस्त्याची रुंदी किती यावर इमारतीची उंची आणि एफएसआय दोन्ही ठरतात. जमीन राज्य महामार्गाला लागून असेल तर ना हरकत दाखल्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जावे लागते. राष्ट्रीय महामार्गावरून आत-बाहेर करण्यासाठी २००२ च्या कायद्याखाली महामार्ग प्रशासनाची वेगळी परवानगी लागते.

बांधकामाचे क्षेत्र २० हजार चौरस मीटरच्या पुढे गेले की २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. हा अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होतो. त्यात वाहतुकीचा अभ्यास आणि पावसाच्या पाण्याचे नियोजन, दोन्ही मांडावे लागते. वाहतूक अभ्यासात गर्दीच्या वेळेची वाहनगणना, प्रकल्पामुळे वाढणारी वाहने आणि जवळच्या चौकाची क्षमता येते. रस्त्यांच्या क्षमतेसाठी भारतीय रोड काँग्रेसची १०६ क्रमांकाची मार्गदर्शिका वापरतात. ही गणना सुट्टीच्या आठवड्यात उरकू नका. पर्यावरण मंजुरीचा अर्ज तपासणारी समिती तारीख पाहते.

माझा आग्रह असा की लहान प्रकल्पातही पोहोच रस्त्याचा उभा छेद, म्हणजे रस्ता कुठे किती उंच आहे हे दाखवणारे रेखाचित्र, काढून त्यावर पूरपातळीची रेघ मारून बघावी. इमारत लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर आणि तिच्याकडे येणारा रस्ता दीड मीटर पाण्याखाली, अशी मंजुरी नियमात बसू शकते. अशा वेळी आजारी माणसाला बाहेर काढायला होडीच बोलवावी लागते. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक बंद करावी लागली. महामार्गाची ही गत, तर ओढ्यावरच्या मोरीवरून जाणाऱ्या गल्लीचे काय होणार? दुसऱ्या बाजूने उंचावरचा रस्ता मिळत असेल तर थोडी जमीन सोडूनही तो घ्या.

आपल्या प्लॉटमधून बाहेर पडणारे पाणी

एक हेक्टर मोकळ्या जमिनीवर तासाला ६० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले ३० टक्के पाणी वाहून गेले, तर ते १८० घनमीटर होते. त्याच जमिनीवर छपरे आणि काँक्रीट आले की ८० टक्के वाहते, म्हणजे ४८० घनमीटर. हे जादा ३ लाख लिटर पाणी एका तासात खालच्या शेजाऱ्याकडे जाते. ५०० चौरस मीटर आणि त्यावरील भूखंडांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे, पण फक्त खड्डा दाखवून भागत नाही. साठवण किती, ओसंडलेले पाणी कोणत्या नाल्यात सोडणार आणि त्या नाल्याची तेवढी क्षमता आहे का, हे आकड्यांत द्या.

मुख्य अर्ज

अर्ज जमिनीच्या मालकाला करता येतो, किंवा त्याच्या नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्रावर अथवा विकसन करारनाम्यावर विकासकाला. सातबाऱ्यावर सहहिस्सेदार असतील तर त्यांच्या संमत्या आधी गोळा करा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली असेल तर सक्षम महसूल अधिकाऱ्याची परवानगी हवी. अर्ज परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्यामार्फत, महावास्तु किंवा त्या प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर भरायचा. वर सांगितलेली कागदपत्रे, झोन दाखला, पूररेषेचा अभिप्राय आणि रस्त्याचा ना हरकत दाखला तिथेच अपलोड होतात.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ नुसार ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. मात्र नकाशा नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. निषिद्ध क्षेत्रातले बांधकाम या वाटेने कायदेशीर होत नाही. अर्ज नाकारला किंवा अटी जाचक वाटल्या तर ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते आणि पुढे वर्षावर्षाने वाढवून घेता येते. जोत्यापर्यंत काम आले की तपासणी मागवा. सर्वेक्षकाने ज्या बेंचमार्कवरून तलांक घेतले, त्यावरूनच जोत्याची पातळी मोजून घ्या आणि तो आकडा जोते दाखल्याच्या अर्जात लिहा.