स्नोबोर्डवर तोल दरीकडेच का टाकायचा?

स्नोबोर्डवर, म्हणजे बर्फावर घसरण्यासाठी दोन्ही पाय आडवे बांधलेल्या फळीवर, पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस समोर उतार दिसला की अंग मागे घेतो. काश्मीरमधल्या गुलमर्गला गोंडोलाजवळच्या (रोपवेजवळच्या) सौम्य उतारांवर हिवाळ्यात हे दृश्य सतत दिसतं: पुढचा पाय ताठ, कंबर मागे, नजर पायांशी. शिकवणारा 'वजन पुढच्या पायावर' असं बजावत राहतो आणि शिकणाऱ्याला ते जमत नाही. दोष धैर्याचा नाही. घसाऱ्यावरून गड उतरताना आपण असंच अंग मागे ठेवतो, वेळ पडली तर बसून घेतो. जमिनीवर हीच सवय आपल्याला सांभाळते. बर्फावर ती पाडते.

कारण घर्षणात आहे. बोर्डाचा मेण लावलेला तळ आणि बर्फ यांच्यामधलं घर्षण फारच कमी, गुणांक साधारण ०.०५. घासण्याच्या उष्णतेने बर्फाचा अगदी पातळ थर वितळतो आणि बोर्ड त्यावरून सरकतो. अशा पृष्ठभागावर वेग घेत खाली जाताना तोलाची दिशाच बदलते. स्थिर उभं असताना शरीर ओळंब्याच्या रेषेत हवं. घर्षण शून्य असतं तर घसरताना ते उताराला काटकोनात असावं लागलं असतं. प्रत्यक्षातलं थोडं घर्षण धरलं, तर १० अंशांच्या उतारावर शरीर ओळंब्यापासून सुमारे ७ अंश दरीकडे कललेलं हवं. म्हणजे 'मी सरळ उभा आहे' असं ज्याला वाटतं, तो खरं तर ७ अंश मागे पडलेला असतो. त्यात भीतीने आणखी मागे गेला, तर पुढचं टोक हलकं होतं, बर्फात रुतत नाही आणि बोर्ड वळायला नकार देतो.

मग एक दुष्टचक्र सुरू होतं. बोर्ड सरळ खाली रोखलेला असेल, तर त्याच उतारावर ५ मीटरमध्ये वेग ताशी साधारण साडेबारा किलोमीटर होतो, २० मीटरमध्ये २५. वळण जमत नाही म्हणून वेग वाढतो, वेगामुळे भीती वाढते, भीतीने वजन आणखी मागे जातं. नवशिक्याच्या बहुतेक चुकांची मुळं इथेच आहेत, असं मला ठामपणे वाटतं. ज्याला हे चक्र पुढच्या पायापाशी तोडता आलं, त्याचं निम्मं शिक्षण झालं.

वळण्याचं काम बोर्डाच्या आकारातच आहे. बोर्ड मधोमध निमुळता असतो, म्हणजे त्याची पोलादी कड एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. त्या वर्तुळाची त्रिज्या ८ मीटर असेल आणि बोर्ड ३० अंश तिरपा केला, तर घट्ट बर्फावर वळणाची त्रिज्या ७ मीटरच्या आसपास येते. ६० अंशांवर ४ मीटर. त्यामुळे खांदे झटकून किंवा मागचा पाय ढकलून बोर्ड फिरवायची गरज नसते. उलट, कड रुतलेली नसताना खांदे एकीकडे फेकले की पाय विरुद्ध दिशेला फिरू पाहतात. कोनीय संवेगाचा (फिरण्याच्या जोराचा) हिशोब तसाच जुळतो. त्यापेक्षा पुढच्या पायाचा घोटा आधी कलवावा, मागचा क्षणभर नंतर. बोर्ड थोडा पिळला जातो, पुढची कड आधी पकड घेते आणि बाकीचा बोर्ड तिच्यामागून येतो. मान वळणाच्या दिशेला, गुडघे मऊ.

सगळ्यात भीतिदायक पडणं म्हणजे 'एज अडकणं', म्हणजे बोर्डाची कड अडकणं. बोर्ड उताराला आडवा धरून घसरताना वरच्या बाजूची कड रुतलेली असते. बोर्ड जरासा सपाट झाला, की दरीकडची कड बर्फात घुसते, बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि शरीर त्याच वेगाने पुढे जातं. टाचांच्या कडेवर असाल तर तोंडावर पडाल. चवड्यांच्या कडेवर असाल तर पाठीवर, आणि डोक्याचा मागचा भाग आपटेल. हेल्मेट त्यासाठीच.

यावर उपाय ऐकायला उलटा वाटतो. कड बदलायची ती बोर्ड जवळजवळ सरळ दरीकडे रोखलेला असताना. त्या क्षणी बोर्ड स्वतःच्या लांबीच्या दिशेने जात असतो, आडवा घसरत नसतो, त्यामुळे सपाट झाला तरी कडेला अडकायला काही मिळत नाही. नवशिका नेमका हाच क्षण टाळतो. बोर्ड अजून आडवा असतानाच घाईने कड बदलतो, आणि आपटतो. म्हणून सुरुवातीचा उतार असा निवडावा, की खाली तो आपोआप सपाट होत जाईल. मग सरळ खाली जाण्याचे ते दोन-तीन सेकंद शरीराला सोसवतात.

पडणं मात्र चुकत नाही. तेव्हा हात पसरून तळवे टेकवायचा मोह आवरावा लागतो, कारण नवशिक्यांमध्ये मनगटाचं हाड मोडणं ही नेहमीची दुखापत आहे. पुढे पडताना मुठी मिटून कोपरापासूनचा हात टेकवावा, मागे पडताना हनुवटी छातीला लावून नितंबांवर बसावं. मनगटाला आधार देणारे गार्ड हा धोका खरोखर कमी करतात. भाड्याने बोर्ड घेताना ते मिळतीलच असं नाही, म्हणून सामानातच टाकावेत.