कॅसेट फुंकरीने चालत नव्हती

मे महिन्याची सुट्टी, नौपाड्यातली चाळ, आणि टीव्हीवर नुसता करडा पडदा. मग कुणीतरी दादा टीव्ही-गेमची कॅसेट उपसायचा, खालच्या फटीत जोरात फुंकायचा, परत खोचायचा आणि मारिओ हजर! धूळ उडाली म्हणून चालली, असं तेव्हा ठरलं ते ठरलंच. परवा ठाण्यातल्याच एका लग्नात चाळिशी उलटलेली मंडळी अजून तेच छातीठोकपणे सांगत होती.

करामत फुंकरीची नव्हे, काढून पुन्हा घालण्याची. आपल्याकडचे बहुतेक टीव्ही-गेम म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ च्या ‘फॅमिकॉम’ या गेम-यंत्राच्या नकला. त्या कॅसेटच्या कडेला धातूच्या ६० बारीक पट्ट्या असतात. त्यांतली एखादी मोक्याची पट्टी खाचेतल्या स्प्रिंगला नीट टेकली नाही, तरी खेळ अडतो. कॅसेट पुन्हा घालताना पट्ट्या घासल्या जातात, वरचा मळ खरवडला जातो, बस्स. न फुंकता दोनदा काढघाल केली असती तरी तेच झालं असतं. पण मग दादाचा रुबाब कुठे राहिला असता?

उलट फुंकरीतला ओलावा, खरं तर थुंकीच, धातूला गंज चढवतो. खुद्द निन्टेन्डोनेही फुंकू नका असं बजावलं होतं. माळ्यावरची जुनी कॅसेट सापडली, तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

आणि हो, लेबलावरचे ते ‘९९९९९९’ गेमही खरे नव्हते. मोजकेच खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे.