मज्जारज्जू इजेचे पुनर्वसन : संशोधनाचे उपयोजन (ग्रामीण विदर्भ)

मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी मज्जातंतूंची दोरी; तिला इजा झाली की इजेखालचे अंग लुळे आणि बधिर पडते. अशी इजा झालेल्या व्यक्तीच्या पुनर्वसनात, संशोधनाने पारखलेल्या गोष्टी रोजच्या उपचारात उतरवणे म्हणजे हे उपयोजन. वैद्यकीय संशोधन उपचारात उतरायला सरासरी १७ वर्षे लागतात, हा आकडा उपयोजनावरच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतो. विदर्भाच्या खेड्यात मात्र खरी गळती होते ती रुग्णाची सुट्टी होऊन तो घरच्या बाजेवर येतो तेव्हा. तिथून पुढे उपचार करणारी व्यक्ती बहुधा बायको किंवा आई असते. ज्ञान तिच्या हातापर्यंत पोचले तरच पोचले.

कास्तकाराच्या घरात ही इजा येते ती विहिरीत वा झाडावरून पडून, कुटाराच्या भरल्या गाडीवरून घसरून, ट्रॅक्टर उलटून नाहीतर फटफटीच्या अपघातात. मणक्याच्या क्षयरोगानेही पाय जातात. तो वेळीच ओळखला तर औषधांनी पुष्कळदा परत येतात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण अंथरुणातल्या जखमा आणि लघवीचा संसर्ग यांनी दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडेविल येथे १९४४ पासून लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त लावली आणि ही माणसे जगू लागली. आज हा नियम प्रत्येक सुट्टीच्या कागदावर असतो. पण दिवसभर निंदणाला गेलेल्या बाईने रात्री चारदा उठायचे कसे, हे त्या कागदावर नसते. पालथे झोपण्याची सवय हळूहळू लावली तर रात्रीचे अंतर वाढवता येते. ही युक्ती दवाखान्यातच शिकवायला हवी, कारण घरी तिची भीती वाटते. कापूस पिकवणाऱ्या या मुलखात गादीही कापसाचीच. ती दबून गाठी धरते आणि बधिर कातडीला गाठ कळत नाही, म्हणून ती वेळोवेळी पिंजून घ्यावी लागते. विजेवरची हवेची गादी चांगली खरी, पण लाइन गेली की तिचा भरवसा राहत नाही.

काही जुने सल्ले सोडूनही द्यावे लागतात. बसायला दिली जाणारी हवेची गोल रिंग कडेवर दाब आणून मधल्या कातडीचा रक्तपुरवठा कमी करते, म्हणून ती टाळावी असे आता मानले जाते. तरी ती भेट म्हणून आणली जातेच. खुर्चीत हातांवर अंग उचलून क्षणभर धरणे हेही पुरेसे नाही. दाबलेल्या कातडीतला प्राणवायू पूर्ववत व्हायला जवळपास दोन मिनिटे लागतात, असे २००३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसले. तेवढा वेळ हातांवर कोणी तोलून राहू शकत नाही. पुढे वाकून बसणे सहज जमते.

सर्वांत रुजण्याजोगे ज्ञान लघवीचे आहे. अमेरिकेतील जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवले, की निर्जंतुक साहित्याचा थाट नसला तरी स्वच्छ हातांनी, ठरावीक वेळी नळी घालून मूत्राशय रिकामे करणे सुरक्षित ठरते. मूत्राशय फुगू न देणे अधिक महत्त्वाचे. साबण, पाणी आणि नळी. कायम लावलेल्या नळी-पिशवीपेक्षा हे बरे. एकच नळी धुऊन किती वेळा वापरावी यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि खेड्यात तो प्रश्न शेवटी खर्चच सोडवतो. दर चार ते सहा तासांनी नळी, एका वेळी ५०० मिलिलिटरच्या आत लघवी आणि दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी, हे गणित थंड देशांत बसवलेले आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या ४५ अंशांत ते मोडते. मानेला किंवा छातीच्या वरच्या भागाला इजा झालेल्या माणसाला इजेखाली घाम येत नाही, म्हणून अंग तापतच जाते. त्याला पाणी वाढवून नळीच्या वेळा जवळ आणाव्या लागतात. ओली चादर आणि दुपारी कूलरसमोरची जागा हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे. नळीचा त्रास नको म्हणून पाणी कमी करणारे रुग्ण उन्हाळ्यातच जास्त अडचणीत येतात.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर इजा असेल तर आणखी एक धोका असतो. मूत्राशय तुंबले की अचानक डोके ठणकते, चेहरा लाल होतो, रक्तदाब चढतो. अशा माणसाचा नेहमीचा दाब कमीच, म्हणून १४० चा आकडा आरोग्य केंद्रात साधा वाटतो; त्याच्यासाठी ती आणीबाणी असू शकते. आधी त्याला उठवून बसवायचे, कपडे सैल करायचे, नळी दुमडली आहे का पाहायचे. गोळी नंतर.

चालण्याबाबत घरोघरी मोठी आशा असते आणि महागड्या यंत्रांची जाहिरात तिच्यावरच पोसते. अंशतः इजा झालेल्या १४६ जणांवरील, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शरीराचे वजन पेलणाऱ्या पट्ट्यांसह ट्रेडमिलवरचा सराव आणि तितकाच जमिनीवरचा सराव यांत फरक आढळला नाही. अंगणात बांबूचे दोन समांतर कठडे ठोकणे म्हणूनच कमीपणाचे नाही.

दवाखान्यातले ज्ञान घरात नेता येते, याचा दाखला विदर्भातच आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे अभय व राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढे ती पद्धत गावोगावच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. कूस, नळी आणि कातडीची रोजची तपासणी याहून अवघड नाही.

नागपूर गडचिरोलीपासून पावणेदोनशे किलोमीटर. भामरागड, सिरोंचा त्याच्याही पलीकडे. फेरतपासणीसाठी दोघांची मजुरी बुडते. शिबिरात मिळालेली तीनचाकी सायकल किंवा खुर्ची मृग लागल्यावर काळ्या मातीच्या गाऱ्यात रुतते, म्हणून पावसाळ्यापूर्वी नळ्यांचा साठा घरात भरून ठेवणे आणि पुढचे चार महिने कातडीचा फोटो फोनवर पाठवत राहणे, एवढी व्यवस्था सुट्टीच्या आधीच ठरवावी लागते.