कॅमेऱ्याचा पट्टा खांद्याला का रुततो?

कॅमेऱ्याच्या तिरक्या पट्ट्यांच्या, म्हणजे ज्यांना सगळे स्लिंग म्हणतात त्यांच्या जाहिराती वाचल्या की एक वाक्य हमखास सापडतं: 'वजन संपूर्ण शरीरावर समान विभागलं जातं.' काही जण त्याही पुढे जाऊन 'कॅमेरा निम्म्या वजनाचा वाटतो' असं ठोकून देतात. वाटण्याबद्दल वाद घालता येत नाही. विभागणीबद्दल मात्र घालता येतो, कारण तिथे न्यूटन आडवा येतो.

फुलफ्रेम बॉडी, म्हणजे मोठ्या सेन्सरचा नुसता कॅमेरा, आणि तिच्यावर ७०-२०० मिलिमीटरची मोठी लेन्स, अशी जोडी साधारण दोन किलोची होते. दोन किलो म्हणजे सुमारे २० न्यूटन बल. पट्टा गळ्यात घाला, एका खांद्यावर टाका किंवा छातीवरून तिरका घ्या, हे २० न्यूटन शरीरातून तळपायांपर्यंत आणि तिथून जमिनीत जातातच. वाटेत एकही न्यूटन गहाळ होत नाही. इतकंच काय, पट्टा डाव्या खांद्यावर आणि कॅमेरा उजव्या कमरेपाशी असेल, तर कण्याला उजवीकडे झुकवणारं जे बलाचं आघूर्ण, म्हणजे बल गुणिले अंतर इतका फिरवणारा जोर, तयार होतो, तो तोच कॅमेरा कण्यापासून तेवढ्याच अंतरावर उजव्या हातात धरल्यावर होईल तेवढाच असतो. कण्यापासून अंतर २० सेंटिमीटर धरलं तर ४ न्यूटन-मीटर. याला समान विभागणी म्हणायचं असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

तरीही स्लिंग गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा बरा वाटतो, हा अनुभव खोटा नाही. गळ्यातला पट्टा मानेच्या मागे टेकतो आणि कॅमेरा छातीसमोर लोंबतो, म्हणजे मान पुढे ओढली जाते आणि मानेमागचे स्नायू तासन् तास तिला मागे खेचत बसतात. एका खांद्यावर नुसता अडकवलेला पट्टा घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा वर उचलून धरतो. स्लिंगमध्ये ही दोन्ही कामं वाचतात. वजन तेच, स्नायूंची बिनकामाची मजुरी कमी. पण खरी गंमत पुढे आहे. कारण सारख्याच वजनाचे, सारख्याच पद्धतीने घातलेले दोन स्लिंग पट्टे एक सुसह्य आणि दुसरा असह्य का असतात, याचं उत्तर वजनात सापडतच नाही.

त्यासाठी पट्टा खांद्यावर टेकतो तिथला एक अगदी छोटा तुकडा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या दोन्ही टोकांना पट्ट्याचा ताण आहे. खांदा गोल असल्यामुळे हे दोन ताण एका सरळ रेषेत नाहीत, दोन्ही किंचित खाली वळलेले आहेत. त्या वळणामुळे दोघांचा थोडा-थोडा भाग खांद्यात आत शिरतो. तुकड्याने व्यापलेला कोन जितका, तितका हा आतला भाग. आणि कोन तोच ठेवून वळणाची त्रिज्या लहान केली, तर तेवढंच बल कमी लांबीवर पडतं. हिशेब केला की निघतं ते सूत्र फार सुटसुटीत आहे: दाब बरोबर ताण भागिले त्रिज्या भागिले पट्ट्याची रुंदी. सूत्रात कॅमेऱ्याचं वजन थेट कुठेच नाही, ते ताणाच्या आडून येतं. त्रिज्या मात्र ठळकपणे बसलेली आहे.

सामानाची प्लास्टिकची पिशवी बोटांना कापते आणि तीच कोपराच्या खळग्यात अडकवली की सोसते, त्यामागे हीच त्रिज्या आहे.

आता आकडे घालून पाहू. तिरक्या पट्ट्याच्या दोन बाजू, पुढची आणि मागची, मिळून २० न्यूटन पेलतात. पट्टा सरळ खाली लोंबत असता तर प्रत्येकीवर १० न्यूटन आले असते. पण तो उभ्या रेषेशी साधारण ३५ अंशांचा कोन करतो, त्यामुळे ताण वाढून सुमारे १२ न्यूटन होतो. खांद्याच्या माथ्यावर पुढून मागे जाणाऱ्या वळणाची त्रिज्या ढोबळमानाने ५ सेंटिमीटर धरू. पट्टा अडीच सेंटिमीटर रुंद असेल तर दाब निघतो जवळपास ९६०० पास्कल. रक्तदाब मोजायच्या एककात सांगायचं तर ७२ मिलिमीटर पारा. पट्ट्याची खांद्यावर टेकणारी गादी ५ सेंटिमीटर रुंद केली तर ३६. आणि कुणी हौसेने एक सेंटिमीटरची सुबक दोरी लावली असेल तर तब्बल १८०!

रक्तदाबाचं एकक मुद्दाम घेतलं. १९३० साली युजीन लँडिस या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांमध्ये अतिसूक्ष्म काचनळ्या घालून तिथला दाब मोजला होता. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला, शिरेकडच्या टोकाला १२. बाहेरून याहून जास्त दाब पडत राहिला की केशवाहिन्या चेपायला लागतात आणि त्या जागेचा रक्तपुरवठा मंदावतो. हा आकडा म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे, माणसागणिक आणि जागेगणिक तो बदलतो. शिवाय माझी ५ सेंटिमीटरची त्रिज्याही ढोबळच आहे, आणि पट्ट्याखाली कॉलरबोन आलं तर तिथे ती एकदम लहान होते. पण अडीच सेंटिमीटरचा पट्टा या मर्यादेच्या दुपटीच्या पलीकडे आणि ५ सेंटिमीटरची गादी जवळजवळ मर्यादेवरच, एवढं चित्र तरी स्पष्ट दिसतं.

रक्ताभिसरणाचा विषय निघालाच आहे तर चुंबक बसवलेल्या पट्ट्यांबद्दलही बोलून घेऊ. 'रक्तातलं लोह चुंबकाकडे ओढलं जातं आणि अभिसरण सुधारतं' हा दावा ऐकायला शास्त्रीय वाटतो. पण लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं की ऑक्सिजन घेतलेल्या रक्ताला चुंबक उलट किंचित दूर लोटतो, आणि ऑक्सिजन सोडलेल्या रक्ताला अगदी क्षीणपणे ओढतो. हिमोग्लोबिनमधलं लोह म्हणजे खिळ्यातलं लोखंड नव्हे. अभिसरण सुधारायचं असेल तर पट्टा दुसऱ्या खांद्यावर घ्या. त्याला पैसे पडत नाहीत.

मग गादी रुंदच रुंद करत का जाऊ नये? कारण सूत्रातली रुंदी ही खरोखर टेकलेली रुंदी आहे, मोजपट्टीवरची नाही. खांदा पुढून मागे गोल असतो, तसाच तो मानेकडे चढत जातो. त्यात तिरका पट्टा नुसता खाली ओढत नाही, कॅमेऱ्याच्या बाजूला आडवाही ओढतो. ३५ अंशांच्या कोनाला हे आडवं बल वजनाच्या सुमारे ७० टक्के भरतं, म्हणजे १४ न्यूटन. म्हणूनच स्लिंग हळूहळू मानेकडे सरकतो आणि त्याची कड मानेला घासायला लागते. सरळ कापलेली रुंद, ताठ गादी या दुहेरी वळणावर बसूच शकत नाही. एक कड ताणली जाते, दुसरी मोकळी पडते आणि सात सेंटिमीटरच्या गादीतली दीड-दोन सेंटिमीटर तेवढी काम करतात.

याची परीक्षा सोपी आहे. तासभर वापरल्यावर पट्टा काढून लगेच आरशात खांदा पाहा. सगळीकडे सारखी फिकट लाली असेल तर गादी नीट टेकते आहे. दोन समांतर लाल रेघा आणि मधे कोरी त्वचा दिसली तर कडा टोकदार आहेत. एकच रेघ, तीही मानेच्या बाजूला, दिसली तर गादीचा आकार चुकलेला आहे. अशा वेळी जास्त जाड फोम घेऊन उपयोग नाही, मानेभोवती वळलेली, लवचीक कडांची गादी हवी. पट्टा आखूड करून कॅमेरा बरगड्यांपाशी आणला तर कोन ५० अंशांच्या आसपास जातो, ताण १२ वरून साडेपंधरा न्यूटनवर आणि आडवी ओढ वजनाहूनही जास्त. कॅमेरा कमरेच्या हाडाखाली ठेवणं म्हणूनच खांद्याला मानवतं. तिथे तो जास्त झुलतो, हा त्याचा तोटा.

आता घर्षण. इथे जरा गणित आहे, पण ते इतकं देखणं आहे की गाळवत नाही. गोल खुंटाला दोरी गुंडाळली तर तिच्या दोन टोकांच्या ताणांमध्ये किती फरक टिकू शकतो, याचं सूत्र १८ व्या शतकात लिओनार्ड ऑयलरने दिलं. ताणांचं कमाल गुणोत्तर म्हणजे ई या गणिती स्थिरांकाचा, म्हणजे २.७१८ चा, म्यू गुणिले थीटा इतका घात. म्यू हा घर्षणाचा गुणांक, थीटा हा दोरीने घेतलेल्या वेढ्याचा रेडियनमधला कोन. खुंटाची त्रिज्या यात कुठेच नाही! दाबाच्या सूत्रात जिचा एवढा दबदबा होता ती इथे साफ गायब होते, कारण त्रिज्या वाढली की दाब घटतो आणि टेकलेली लांबी त्याच प्रमाणात वाढते. खांद्यावरून पट्टा जवळपास अर्धा वेढा घेतो, म्हणजे थीटा ३.१४. गुळगुळीत नायलॉनचा म्यू ०.२ धरला तर गुणोत्तर १.९, आणि रबरी खडी असलेल्या गादीचा ०.५ धरला तर ४.८. घर्षण अडीचपट झालं, पण दोन ताणांमधला टिकू शकणारा फरक चौपटीहून जास्त झाला.

व्यवहारात याचा अर्थ असा की खांद्यावरची गादी चिकट असावी आणि कॅमेरा अडकवलेली कडी पट्ट्यावरून सहज सरकणारी असावी. कॅमेरा डोळ्याला लावताना कडी पट्ट्यावरून वर धावते, पट्टा जागचा हलत नाही. कडी शिवून पक्की केली असेल तर अख्खा पट्टा खांद्यावरून ओढावा लागतो. मग गुळगुळीत पट्ट्याची गादी छातीवर येऊन बसते, आणि चिकट गादी शर्टाला पीळ घालते.

ताणल्या जाणाऱ्या निओप्रीनच्या, म्हणजे मऊ कृत्रिम रबराच्या पट्ट्यांनी 'वजन कमी होतं' हे आणखी एक लोकप्रिय वाक्य. लवचीक पट्ट्याला लटकलेला कॅमेरा म्हणजे स्प्रिंगला टांगलेलं वजन, आणि त्याची वर-खाली होण्याची वारंवारता फक्त एका गोष्टीवरून कळते: कॅमेरा लटकवल्यावर पट्टा किती ताणला गेला. २ सेंटिमीटर ताणला तर सेकंदाला साडेतीन आवर्तनं. ६ सेंटिमीटर ताणला तर दोन. आणि माणूस बऱ्यापैकी झपझप चालतो तेव्हा सेकंदाला सुमारे दोनच पावलं टाकतो. म्हणजे मऊ लुसलुशीत पट्टा दुकानात उभं राहून छान वाटतो, आणि चालू लागलं की पट्ट्याची आणि पावलांची लय जुळून, म्हणजे अनुनाद होऊन, कॅमेरा दर पावलागणिक मांडीवर आपटतो. टाच जमिनीला लागतानाचे तीक्ष्ण हादरे निओप्रीन मऊ करतं, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

राहिला स्क्रू. पुष्कळ स्लिंग पट्टे कॅमेऱ्याच्या तळाला, ट्रायपॉडच्या भोकात बसतात. तो पाव इंची स्क्रू, इंचाला २० आट्यांचा, आणि भोकाची खोली बघता तो आत जातो जेमतेम तीन-चार फेरे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवलं की घट्ट आवळलेले बोल्टसुद्धा आसाला आडव्या हादऱ्यांनी आपोआप उलगडत जातात, आसाच्या दिशेतल्या हादऱ्यांपेक्षा फार लवकर. कमरेशी झुलणारा कॅमेरा त्या स्क्रूला दिवसभर नेमके आडवे हादरे देत असतो. स्क्रूखाली रबरी वायसर असतो तो स्प्रिंगसारखा दाबून राहतो आणि थोडी ढिलाई भरून काढतो. तो चपटा, कडक झाला असेल तर बदलावा. लेन्स जड असेल आणि तिला स्वतःची ट्रायपॉडची कडी असेल तर पट्टा तिथे लावावा, म्हणजे गुरुत्वमध्य टांगणीच्या बरोबर खाली येतो आणि स्क्रूवरचा पीळ कमी होतो. शिवाय एक पातळ दोरी कॅमेऱ्याच्या नेहमीच्या कडीतून घेऊन पट्ट्याला बांधून टाकावी, थोडी सैल, नाहीतर कॅमेरा उचलताना तीच ताणली जाते.