नेरूळपर्यंतची ५२ वर्षं: महिला वर्ल्डकप फायनलच्या मागची गोष्ट

२ नोव्हेंबर २०२५ ला, महिला वर्ल्डकप फायनलच्या दुपारी, नेरूळला पाऊस लागला तेव्हा आमच्या सोसायटीतल्या जुन्या मंडळींना एकदम फयान आठवलं. ११ नोव्हेंबर २००९, भारत-ऑस्ट्रेलिया सिरीजची सातवी वनडे, नेरूळच्याच डीवाय पाटील स्टेडियमवर होणार होती आणि नेमकं त्याच दिवशी ते वादळ कोकण किनाऱ्यावर आलं, एक बॉलसुद्धा पडला नाही. त्यानंतर पुरुषांची वनडे काही इथे आली नाही. २००८ आणि २०१० च्या आयपीएल फायनल झाल्या, २०१७ ला फुटबॉलचा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप झाला, पण पन्नास ओव्हरच्या इंटरनॅशनल क्रिकेटचं म्हणाल तर नवी मुंबईकर वाट बघत बसला होता. म्हणून त्या दुपारी सगळ्यांचं एकच, परत नोव्हेंबर, परत पाऊस, परत तसंच होणार का. त्यात आठवड्यापूर्वीच २६ ऑक्टोबरची बांगलादेशची मॅच याच ग्राउंडवर पावसाने अर्धवट राहिली होती, आणि त्याच मॅचमध्ये फिल्डिंग करताना आपली ओपनर प्रतिका रावलचा पाय दुखावला होता.

नंतर बऱ्याच जणांनी विचारलं की वर्ल्डकपची फायनल नवी मुंबईत कशी काय आली. सरळ उत्तर असं की ती आधी इथे नव्हतीच. बेंगळुरूचं चिन्नास्वामी ठरलं होतं, पाकिस्तान फायनलला पोचलं असतं तर कोलंबो. पण ४ जून २०२५ ला आयपीएल विजयाच्या जल्लोषात चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरी झाली, ११ जीव गेले, आणि ऑगस्टमध्ये तिथल्या मॅचेस डीवाय पाटीलला हलवल्या. म्हणजे आपल्याकडे आनंद आला तो एका मोठ्या दुःखाच्या वाटेने आला, हे मला तरी विसरता येत नाही.

पण नेरूळच का, तर त्याला तीन वर्षांचा इतिहास आहे आणि तो इथल्या लोकांनी घडवलाय. डिसेंबर २०२२ ला ऑस्ट्रेलियाच्या मुली टी-ट्वेंटी खेळायला आल्या, एन्ट्री फ्री होती, ११ डिसेंबरला रविवारी मी भाचीला घेऊन गेलो, ती ठाण्याहून ट्रान्सहार्बरने आली होती, वाटलं होतं आरामात बसू, तर चाळीस हजारांच्या वर पब्लिक! दोन्हीकडे १८७, मॅच टाय, सुपर ओव्हर, स्मृती मानधनाने त्यात फटके मारले आणि आपण जिंकलो, मग पोरींनी पूर्ण ग्राउंडला फेरी मारली. भाचीचा घसा बसला होता, दुसऱ्या दिवशी शाळेत बोलता येईना. त्यानंतर तीन महिन्यांतच ४ मार्च २०२३ ला डब्ल्यूपीएलची, म्हणजे महिलांच्या आयपीएलची, पहिलीवहिली मॅच इथेच झाली, मुंबई इंडियन्सने गुजरातला ६४ वर गुंडाळून १४३ रन्सनी हरवलं. मग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडविरुद्धची टेस्ट, ती ३४७ रन्सनी जिंकलो. स्टेशनवरून घोळक्याने चालत ग्राउंडला जाणं, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरगी आणि तिच्या पाठीवर हरमनप्रीतचं नाव, हे दृश्य आम्हाला २०२५ च्या आधीपासून ओळखीचं होतं.

आता जरा मागे जाऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

वर्ल्डकप हा प्रकार बायकांनी पुरुषांच्या आधी सुरू केला, हे अजूनही अनेकांना माहीत नसतं. १९७३ ला इंग्लंडमध्ये, पुरुषांचा १९७५ ला. रेचल हेहो फ्लिंट ही इंग्लंडची कॅप्टन आणि जॅक हेवर्ड नावाचे श्रीमंत गृहस्थ यांनी मिळून ते जमवलं, हेवर्डनी ४० हजार पाउंड दिले. सात टीम, ६० ओव्हरची मॅच, आणि गंमत बघा, पहिल्या वर्ल्डकपची पहिलीच मॅच पावसात वाहून गेली! फायनल अशी वेगळी नव्हतीच, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं आणि पॉइंट्स मोजायचे. पण शेवटची मॅच इंग्लंड-ऑस्ट्रेलिया आली, एजबॅस्टनला, जो जिंकेल त्याचा कप, म्हणजे फायनलच झाली ती. इंग्लंड ९२ रन्सनी जिंकलं. रीतसर फायनल १९८२ ला न्यूझीलंडमध्ये सुरू झाली.

त्या १९७३ च्या कपमध्ये भारत नव्हता. पण त्याच वर्षी आपल्याकडे महिला क्रिकेटची संघटना उभी राहिली, आणि एप्रिल १९७३ ला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती आपल्या पुण्यात. टीम किती तर तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. बस्स. तिथून सुरुवात. १९७६ ला शांता रंगास्वामीच्या कॅप्टन्सीत वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली टेस्ट सिरीज, १९७८ ला दुसरा वर्ल्डकप थेट भारतात, डायना एडलजी कॅप्टन, तीन मॅच खेळलो तिन्ही हरलो. जनरल डब्यातून प्रवास आणि डॉर्मिटरीत गादी टाकून झोपणं हे त्या पिढीतल्या सगळ्याच जणी सांगतात. १९८६ ला इंग्लंड दौऱ्यावर एडलजींना लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये बाई म्हणून सोडलं नाही. आणि त्या दौऱ्यानंतर १९९१ पर्यंत आपल्या टीमला एकही इंटरनॅशनल मॅच मिळाली नाही. पाच वर्षं! १९८८ चा वर्ल्डकप तसाच गेला. ऐन पंचविशीतल्या खेळाडूची पाच वर्षं म्हणजे काय असतं याचा विचार केला की मला खरंच कसंतरी होतं, त्या मुलींची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत.

१९९७ ला वर्ल्डकप परत भारतात आला. वनडेतली जगातली पहिली डबल सेंच्युरी त्याच स्पर्धेत झाली, आणि झाली कुठे तर वांद्र्याच्या एमआयजी ग्राउंडवर, ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध २२९ नाबाद काढले. सचिनची ग्वाल्हेरची २०० त्यानंतर बारा वर्षांनी. मुंबईत क्रिकेटवर बोलणारे पैशाला पासरी, पण ही गोष्ट फार कमी जणांच्या तोंडून ऐकलीय.

मग २००५. आपली पहिली फायनल, साउथ आफ्रिकेत सेंच्युरियनला, मिताली राजची टीम. ऑस्ट्रेलियाच्या केरेन रोल्टनने १०७ मारले, त्यांचे २१५ झाले, आपण ११७ ला ऑल आउट, ९८ रन्सनी हरलो. त्या स्पर्धेत एका मॅचचे हजार रुपये मिळाले होते असं मितालीने सांगितलंय. पुढच्याच वर्षी महिला संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली, त्या वेळी सेक्रेटरी होत्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी, ज्या स्वतः १९७६ च्या त्या पहिल्या टेस्टमध्ये खेळल्या होत्या आणि पाच विकेट काढल्या होत्या. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच. कारण तोवर पैसा नाही, ग्राउंड नाही, फिजिओ नाही, असं होतं. विलीन झाल्यावरही सगळं लगेच सुधारलं नाही, २०१३ ला वर्ल्डकप मुंबईत होता तेव्हा आपल्याला श्रीलंकेने ब्रेबॉर्नवर १३८ रन्सनी हरवलं, पहिल्याच फेरीत आपण बाहेर. मी होतो त्या मॅचला. कुठलीही खुर्ची निवडून बसावं इतकी माणसं होती. बाहेर चर्चगेटला कोणाला पत्ताही नव्हता की आत वर्ल्डकप चालू आहे.

लोक वळले ते २०१७ ला. आधी डर्बीला सेमीफायनल, हरमनप्रीत ११५ बॉलमध्ये १७१ नाबाद, समोर ऑस्ट्रेलिया. मग २३ जुलैला लॉर्ड्स, भरलेलं. टार्गेट २२९, आपली पूनम राऊत ८६ पर्यंत गेली, एका वेळी ३ बाद १९१ होतो, म्हणजे घरात बसून पेढे आणायला कोणाला तरी पाठवायची वेळ, आणि तिथून २८ रन्समध्ये सात विकेट. अन्या श्रबसोलने सहा काढल्या. ९ रन्स कमी पडले. लॉर्ड्सची ती संध्याकाळ पुढची आठ वर्षं या टीमच्या मानगुटीवर बसलेली होती, प्रत्येक चेसला लोक म्हणायचे की आता बघा, ढेपाळणार. २०२२ ला वर्ल्डकपमध्ये साउथ आफ्रिकेने शेवटच्या ओव्हरमध्ये हरवलं तेव्हा मिताली आणि फास्ट बोलर झुलन गोस्वामी दोघींचा शेवटचा वर्ल्डकप संपला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बीसीसीआयने मॅच फी पुरुषांएवढी केली, वनडेला सहा लाख. हजार रुपयांपासून तिथपर्यंत यायला सतरा वर्षं लागली.

२०२५ मध्येही सुरुवातीनंतर सलग तीन हरलो होतो, साउथ आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. इंदूरला इंग्लंडशी तर ४ रन्सनी, परत तोच जिंकत आलेला चेस. मग सगळं नेरूळला फिरलं. २३ ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध स्मृती आणि प्रतिका दोघींची सेंच्युरी. ३० तारखेला सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाचे ३३८, एवढं टार्गेट महिला वनडेत कोणी गाठलंच नव्हतं, आणि जेमिमा रॉड्रिग्जने १२७ नाबाद मारले, हरमनप्रीतने ८९. जेमिमाला इंग्लंडच्या मॅचला बाहेर बसवलं होतं हे लक्षात घ्या. डगआउटमध्ये कोच अमोल मुझुमदार, ज्याने रणजी पदार्पणात २६० केले, फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांवर रन्स काढले आणि ज्याला इंडिया कॅप कधीच मिळाली नाही. सचिन-कांबळीच्या शाळेच्या मॅचमधल्या ६६४ च्या पार्टनरशिपला पॅड बांधून बसलेला तो मुलगा, मुंबईच्या मैदानांत त्याची गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे.

आणि फायनल, समोर साउथ आफ्रिका. पहिल्यांदाच अशी फायनल जिच्यात ना ऑस्ट्रेलिया ना इंग्लंड. पाऊस उघडला, पाचला मॅच सुरू झाली. प्रतिकाच्या जागी आलेली शफाली, जी मूळ टीममध्येच नव्हती, तिने ८७ मारले आणि वर दोन विकेट काढल्या. २९८ आपले. त्यांची कॅप्टन लॉरा वोल्वार्ट उभी होती तोवर स्टेडियममध्ये कोणी नीट श्वास घेत नव्हतं, सेंच्युरी झाली तिची, मग दीप्ती शर्माच्या बॉलवर अमनजोतने तो कॅच तीनदा हातातून उडता उडता पकडला. दीप्तीच्या ५ विकेट, ५८ रन्स. मध्यरात्र झाली होती, नदिन डी क्लर्कने बॉल उचलला, हरमनप्रीत मागे पळत गेली आणि तो घेतला. २४६ ऑल आउट, ५२ रन्सनी जिंकलो.

ट्रॉफी मिळाल्यावर त्या पोरींनी मिताली, झुलन आणि अंजुम चोप्रा या जुन्या खेळाडूंना ग्राउंडवर बोलावून ती त्यांच्या हातात दिली. झुलन रडत होती. २०२२ च्या पराभवानंतर हरमन आणि स्मृती तिच्या खोलीत येऊन म्हणाल्या होत्या की तुझ्यासाठी आम्ही जिंकून आणू, हे तिनेच नंतर सांगितलं. ठाण्याची शेवटची ट्रेन केव्हाच निघून गेली होती, भाची आमच्याकडेच राहिली, आणि झोपायच्या आधी तिने मला विचारलं की मामा, ती तीन टीमवाली मॅच पुण्यात नक्की कुठे झाली होती.